वॉरगेमच्या नियमांत खेळणाऱ्याला विचारतं कोण?

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा जणांचा त्यांचा गट तीन वर्षं एक मिनिएचर वॉरगेम, म्हणजे छोट्या रंगवलेल्या सैनिकांच्या मूर्ती टेबलावर मांडून खेळायचा युद्धखेळ, खेळतोय. नव्या आवृत्तीत कंपनीने पॉइंट्स (सैन्य निवडताना प्रत्येक तुकडीची धरायची किंमत) आणि नियम असे फिरवले, की पगारातून पैसे बाजूला काढून, रात्री जागून रंगवलेली त्यांची पलटण टेबलावर दोन फेऱ्याही टिकत नाही. त्यांनी कंपनीला लांबलचक मेल पाठवले, सोबत स्वतः सुधारलेल्या नियमांची यादी जोडली. उत्तर नाही. ते विचारतात, ‘पैसे आमचे, वेळ आमचा, मग नियम ठरवताना आमचं मत का नाही? आणि ते मिळवायचं तर काय करायचं?’

मी फोंड्याला राहतो. रविवारी घरी टेबल मांडतो आणि बऱ्याच वर्षांपासून परदेशी प्रकाशकांसाठी विनामोबदला चाचणी-गट चालवतो. छापायच्या आधीचे नियम आमच्याकडे येतात, आम्ही ते खेळतो आणि काय झालं ते कळवतो. त्यामुळे खेळणाऱ्याची चीड मला ठाऊक आहे आणि पलीकडे बसलेल्या माणसाच्या टेबलावर कसल्या मेलचा ढीग साचतो तेही पाहिलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्यात, त्या आधी सोडवू. एक, खेळाचा तोल गेला. दोन, आम्हाला विचारलं नाही. तीन, आमचे पैसे पाण्यात गेले. तिसरीवर नियमांत उपाय नाही. रंगवलेली पलटण ही हौसेची वस्तू आहे, तिची ताकद कंपनी कधीही कमी-जास्त करणार हे धरूनच ती घ्यावी. हे ऐकायला कडू आहे, पण ते बाजूला ठेवलं की पहिल्या दोन तक्रारींवर नीट बोलता येतं. त्यातही लोक पहिली तक्रार दुसरीच्या आवाजात मांडतात आणि तिथेच गाडी अडते.

नियमांवर कुरकुर ही काही आजची गोष्ट नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ बापलेकांतल्या लेकाने १८२४ मध्ये आपल्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात फासे होते, तक्ते होते, सगळं मोजूनमापून. पुढे खेळणाऱ्या अधिकाऱ्यांनाच त्या तक्त्यांचा जाच व्हायला लागला. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या समजुतीवर सोपवला. म्हणजे नियम जड झाले की खेळणारेच ते मोडून नवे करतात, याला जवळपास दीडशे वर्षं झाली. फरक इतकाच, की त्या अधिकाऱ्यांना कुणा कंपनीची परवानगी लागत नव्हती.

आता ‘मत का नाही’ याचं उत्तर तुम्ही कुणाचा खेळ खेळता यावर अवलंबून आहे. सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

षटकोनांचा नकाशा आणि पुठ्ठ्याचे काउंटर (सोंगट्या) असलेल्या खेळांच्या जगात खेळणाऱ्याला विचारायची रीत जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ स्वतः छापून विकला, तिथून हा धंदा उभा राहिला. पण खेळणाऱ्यांना पद्धतशीर विचारण्याचं श्रेय जिम डनिगन आणि त्याच्या एसपीआय या कंपनीला जातं. १९६९ मध्ये त्याने ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ हे मासिक हातात घेतलं. अंकात एक अख्खा खेळ असायचा आणि सोबत प्रश्नांची यादी: हा खेळ कसा वाटला, पुढे यातला कुठला विषय हवा, गुण द्या. वाचक उत्तरं भरून पाठवायचे, त्यांची बेरीज व्हायची आणि पुढचे खेळ बरेचसे त्यावरून ठरायचे. इंटरनेटच्या खूप आधीची गोष्ट आहे ही. आज जीएमटी गेम्स ही प्रकाशन कंपनी वेगळ्या वाटेने तेच करते. नवा खेळ यादीत टाकायचा आणि ५०० आगाऊ मागण्या आल्या की छपाईच्या रांगेत लावायचा. शिवाय सुधारित नियमावली त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

मिनिएचरच्या मोठ्या कंपन्यांचं गणित निराळं. प्लास्टिकचे साचे महाग, पुस्तकांचा मजकूर महिनोन्‌महिने आधी पक्का होतो. आज हातात आलेल्या पुस्तकावर तुम्ही चिडता तेव्हा पुढचं पुस्तक छापखान्यात असतं. तरी तिथेही आवाज पोहोचतो, फक्त उशिरा आणि तोटा दिसू लागल्यावर. गेम्स वर्कशॉप या कंपनीने २०१५ मध्ये आपल्या वॉरहॅमर या मिनिएचर खेळाची जुनी काल्पनिक दुनिया बंद करून ‘एज ऑफ सिग्मार’ आणला, तोही चार पानी नियमांसह आणि पॉइंट्सशिवाय. किती सैन्य मांडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा! खेळणारे गोंधळले. स्पर्धा भरवणाऱ्यांनी स्वतःच पॉइंट्सच्या याद्या केल्या आणि त्यावर स्पर्धा चालवल्या. २०१६ मध्ये कंपनीने ‘जनरल्स हँडबुक’ काढलं, त्यात पॉइंट्स परत आले आणि ते तयार करताना स्पर्धा भरवणाऱ्यांचा सल्ला घेतला गेला. लक्षात घ्या, कुणाचा सल्ला? सगळ्यात जोरात ओरडणाऱ्यांचा नव्हे. ज्यांच्या याद्या वर्षभर खऱ्या स्पर्धांत चालल्या होत्या, त्यांचा.

तिसरा प्रकार म्हणजे कंपनीने टाकून दिलेले खेळ. तिथे चाहत्यांना खरी सत्ता मिळते. गेम्स वर्कशॉपचाच ‘ब्लड बोल’ हा राक्षसांच्या फुटबॉलचा खेळ १९८६ चा. कंपनीचं लक्ष उडाल्यावर मूळ रचनाकार जर्व्हिस जॉन्सन आणि काही जाणकार खेळाडू यांची समिती दरवर्षी नियम तपासून सुधारायची. त्याला ते जिवंत नियमावली म्हणायचे. २०१६ मध्ये कंपनीने खेळ पुन्हा बाजारात आणला तेव्हा पाया त्याच सुधारित नियमांचा होता. ‘अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाचंही तसंच. १९९८ मध्ये तो काढणारी अॅव्हलॉन हिल कंपनी खेळण्यांच्या हॅस्ब्रो कंपनीच्या ताब्यात गेली आणि हा अवजड खेळ आता संपला असं वाटत असताना पुढच्याच वर्षी मल्टी-मॅन पब्लिशिंगने त्याचा परवाना मिळवला. ही मंडळी मुळात खेळाचे चाहते, त्यांत कर्ट शिलिंग हा नामांकित बेसबॉल खेळाडूही होता.

मग नियमांवर सरळ मतदानच का नको? माझं उत्तर स्पष्ट आहे: कुठला खेळ काढायचा यावर मतदान ठीक, नियम काय असावा यावर नको. डनिगनने वाचकांना विषय विचारले, खेळ कसा वाटला ते विचारलं. तोफेचा पल्ला किती ठेवू, असं विचारत बसला नाही. नियमावर मत मागितलं की प्रत्येक जण आपल्या पलटणीला मत देतो आणि ज्या पलटणीचे चाहते जास्त तिचे पॉइंट्स स्वस्त होतात. गोव्यात नरकासुर स्पर्धेच्या पहाटे जे होतं तेच: गुण कसे द्यायचे यावर प्रत्येक वाड्याचं ठाम मत असतं आणि ते नेमकं आपल्याच नरकासुराच्या उंचीशी जुळतं. मतदानाचा आणखी एक तोटा कमी बोलला जातो. अनोळखी विषय मागे पडतात. दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन आघाडीला कायम मतं मिळतील. तरी अपवाद आहेत. जीएमटीच्याच मालिकेत २०१९ मध्ये १९१७ ते १९४७ च्या भारतावर ‘गांधी’ नावाचा खेळ आला, त्यात सत्याग्रह करणारी बाजूही खेळता येते. युद्धखेळाच्या यादीत असा विषय ५०० मागण्या ओलांडून गेला, याचं मला अजून नवल वाटतं.

इथवरचं सार असं की तुमच्या खेळाची कंपनी दुसऱ्या प्रकारातली आहे. तिथे मताला किंमत नाही, टेबलावर घडलेल्या गोष्टीच्या नोंदीला आहे. आणि ती नोंद कशी करायची, हे लोकांना कुणी शिकवलेलं नसतं.

तुमच्या मेलला उत्तर का आलं नसावं, याचा मला जो अंदाज आहे तो सांगतो. तुम्ही सुधारलेल्या नियमांची यादी जोडली होती. अनेक प्रकाशक न मागता आलेल्या नव्या नियमांचा मजकूर मुद्दाम वाचत नाहीत. उद्या त्यांनी स्वतंत्रपणे तसाच नियम काढला तर ‘आमची कल्पना चोरली’ असा दावा नको म्हणून. त्यामुळे जेवढ्या मेहनतीने तुम्ही यादी केली तेवढ्या लवकर मेल बाजूला पडला असेल. दुसरं कारण साधं आहे. ‘तोफखाना फार भारी आहे, वीस पॉइंट्स वाढवा’ हे वाक्य त्यांना रोज येतं, आणि ‘तोफखाना अगदी कुचकामी आहे’ हेही रोज येतं. दोन्ही खरी असू शकतात, कारण लिहिणाऱ्यांची टेबलं वेगळी आहेत.

टेबल वेगळं म्हणजे काय? मिनिएचर खेळात लांब पल्ल्याच्या माऱ्याची खरी किंमत टेबलावर आडोसा किती आहे यावर ठरते. इमारती, टेकड्या, रान, म्हणजे ज्यांच्या पलीकडचं दिसत नाही अशा गोष्टी. टेबलाचा मधला भाग उघडा असेल तर मारा करणारी बाजू पहिल्या दोन फेऱ्यांतच निकाल लावते. हातघाईवर येऊ पाहणारी पलटण वाटेतच संपते. ‘दोन फेऱ्याही टिकत नाही’ हे तुमचं वाक्य वाचून माझ्या मनात पहिली शंका हीच आली. आपल्याकडे तयार इमारती मागवायच्या तर खेळाच्या किमतीइतकं टपाल आणि जकात भरावी लागते. म्हणून बहुतेक गटांकडे दोन-तीन टेकड्या आणि एक पडकं घर एवढंच असतं. आम्ही चिऱ्याचे तुकडे, करवंट्या, पॅकिंगचा पुठ्ठा असं काहीही वापरतो. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, बुरशी धरतो, मग गणपती झाले की नवा करायचा. दिसायला गबाळं, पण दृष्टी अडवायला पुरेसं. कंपनीला लिहिण्याआधी टेबलाचा मधला भाग भरून पाच-सहा डाव खेळून पाहा. तक्रार अर्ध्यावर येईल असं माझं मन सांगतं. नाही आली तर ती खरी आहे आणि मग ती पुढे न्यायची.

पुढे न्यायची म्हणजे आकड्यांनी, पण आकड्यांत लोक कसे फसतात तेही बघा. ‘दहा डावांत सात वेळा तीच पलटण जिंकली’ हा पुरावा वाटतो. समजा दोन्ही बाजू अगदी समसमान आहेत, प्रत्येक डाव नाणं उडवल्यासारखा. तरीही दहा डावांत कुठल्या तरी एका बाजूला सात किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के निघते. म्हणजे निर्दोष खेळही तीनातून एकदा असाच ‘बिघडलेला’ दिसणार. शंभर डावांत ६०–४० किंवा त्याहून मोठी तफावत निव्वळ नशिबाने साधारण ६ टक्के वेळाच येते. तिथे बोलण्यात दम येतो. पण शंभर डाव एका गटाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून कंपन्या विजयाचे आकडे मोठ्या स्पर्धांमधून घेतात आणि तुमच्या गटाकडून त्यांना आकडा नकोच असतो. त्यांना हवं असतं ‘कसं झालं’.

नियमात ‘फक्त एक वाढवा’ अशी मागणीही जपून करावी. सहा बाजूंच्या फाशावर एकाची वाढ सगळीकडे सारखी नसते. ज्याला सहाच पडावा लागतो त्याला पाचवरही नेम लागू दिला तर त्याचे नेम दुप्पट झाले. ज्याला तीन किंवा जास्त लागत होते त्याला दोनवर आणलं तर वाढ फक्त पाव पट. रचनाकाराला हे पाठ असतं. ज्याच्या मेलमध्ये ते दिसत नाही त्याच्या सूचनेकडे तो दुसऱ्यांदा बघत नाही.

मग नोंदीत काय असावं? आमच्या गटात एक वही असते आणि डाव संपल्यावर चहा यायच्या आत ती भरायची असते, कारण चहानंतर प्रत्येकाला आपला पराक्रम वेगळा आठवतो. नियमावलीची आवृत्ती आणि तारीख. कोण कुठल्या बाजूला, त्याला हा खेळ किती परिचयाचा. सैन्याच्या याद्या. डाव कितव्या फेरीत फिरला आणि कुठल्या घटनेने. रुलबुक कितीदा उघडावं लागलं, कुठल्या पानावर आधी शोधलं आणि उत्तर प्रत्यक्षात कुठे सापडलं. सापडलं नसेल तर आपसांत काय ठरवून पुढे गेलात. यातली पानांची गोष्ट लोक क्षुल्लक समजतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. चार वेगवेगळे गट एकच नियम चुकीच्या पानावर शोधत असतील तर नियम बरोबर असूनही पुस्तक चुकलेलं आहे, आणि ते दुरुस्त करायला रचनाकार लगेच तयार होतो. त्यात त्याचा अहंकार दुखावत नाही आणि साचाही बदलावा लागत नाही. मत द्यायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, ‘हे आमचं मत’ असं सांगून.

चांगली माहिती कशी असते याचं माझं आवडतं उदाहरण आमच्याच टेबलावरचं आहे. आमच्या गटाने गोव्यातल्या जुवे बेटावरच्या हल्ल्याचा एक छोटा खेळ बांधायला घेतला. नोव्हेंबर १६८३, संभाजी महाराजांच्या सैन्याने रात्री, ओहोटी साधून जुव्याचा कोट घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हिसेरेय (व्हाइसरॉय) कोंदी द आल्व्होर बेट परत घ्यायला आला आणि मार खाऊन मागे फिरला. त्याच महिन्यात फोंड्याचा किल्ला घेण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता. त्यामुळे आम्हा फोंडेकरांना या विषयात जरा जास्तच रस. गटातल्या एकाने खाडीचा नियम लिहिला होता: भरतीच्या फेरीत होडी लागेल, ओहोटीच्या फेरीत साध्या जमिनीसारखं चालत जाता येईल. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, त्यानुसार फेऱ्यांचा तक्ता. कागदावर सुबक. खेळताना मात्र मराठे ओहोटी लागताच शेकड्यांनी पलीकडे जायचे आणि कोट पहिल्याच झटक्यात पडायचा. दर वेळी.

आम्ही कोटाची ताकद वाढवून पाहिली, फेऱ्या कमी करून पाहिल्या. एका रविवारी कुणाच्या तरी ओळखीचे एक गृहस्थ बघायला आले. त्यांची उमर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत गेलेली, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) मासे धरण्यात. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. थोडा वेळ बघून ते म्हणाले, ‘सुकतेक उदक वता, चिखोल खंय वता?’ पाणी जाईल हो, चिखल कुठे जाणार? मग त्यांनी सांगितलं, की ओहोटीला पाय मांडीपर्यंत रुततो, ओझं घेऊन चालणारा तर मधेच अडकतो, आणि सुकं जायचं तर बांधावरून, तेही एकामागे एक.

बघा, त्यांनी नियम सुचवला नाही. काय घडतं तेवढं सांगितलं. नियम लिहिणाऱ्याने घरी जाऊन चिखलातून जायला दुप्पट चाल खर्ची पडेल आणि पलीकडे पोहोचल्यावर एक फेरी विस्कळीत, बांधावरून वेगात पण एका वेळी एकच तुकडी, असं केलं. खेळ जागेवर आला. मोठी फौज घेऊन जाणं परवडेना, निवडक माणसं रात्री गुपचूप पाठवणं हाच शहाणपणा ठरू लागला. कोटाची ताकद पहिल्या आकड्यावर परत नेता आली. आम्ही खेळाडूंनी सुचवलेल्या सगळ्या दुरुस्त्या तोवर कोटाभोवतीच फिरत होत्या, कारण आम्हाला त्रास तिथे दिसत होता. त्रास जिथे दिसतो तिथेच दोष असतो असं नाही, म्हणून रचनाकार तुमच्या उपायापेक्षा तुमच्या वर्णनाला मान देतो.

आता दुसरी तक्रार, ‘आम्हाला विचारलं नाही’. विचारलं जावं अशी इच्छा असेल तर नियम छापायच्या आधी तिथे असायला हवं. छोटे प्रकाशक चाचणीसाठी माणसं सतत शोधत असतात आणि त्यांना जाणकार खेळाडूंपेक्षा वेळेवर उत्तर देणारे गट हवे असतात. गोव्यात बसून हे जमतं. व्हॅसल हे संगणकावर असे खेळ मांडायचं साधन फुकट आहे आणि तेही मुळात खेळाच्या चाहत्यांनीच घडवलंय. त्यावर न छापलेला खेळ टपालाशिवाय येतो. काही ठिकाणी गुप्ततेचा करार करावा लागतो. तो केल्यावर मित्राला फोटो पाठवायचा मोह झाला तर आवरा, एकदा फुटलेल्या गटाला परत कुणी बोलावत नाही. मोबदला म्हणाल तर श्रेयनामावलीत नाव आणि कधीकधी एक प्रत. सुरुवात करताना रचनाकाराशी बोलणं होणार नाही अशीच चाचणी मागा. फक्त पुस्तक वाचून खेळायचं, अडलं तरी विचारायचं नाही, अडलं कुठे ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण जो गट ते दोन-तीनदा नीट करतो, त्याला पुढच्या खेळाच्या वेळी ‘हा नियम ठेवू की काढू’ असं सरळ विचारलं जातं. तुम्ही मागताय ते मत याच दाराने मिळतं, निदान मी तरी दुसऱ्या दाराने मिळालेलं पाहिलेलं नाही.

तोवर आपल्या टेबलावर सत्ता पूर्ण तुमची आहे, ती वापरा. कुठलीही कंपनी म्हापशात येऊन तुमचा डाव तपासणार नाही. घरचे नियम एका पानात मावतील इतकेच ठेवा, वर तारीख घाला, डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवा आणि मधेच बदलू नका. तीन-चार महिन्यांनी प्रत्येक नियम पुन्हा मंजूर करायचा, नाही झाला तर आपोआप गेला. जुने घरचे नियम कुणालाच आठवत नाहीत अशा कारणांनी साचत जातात आणि नव्याने येणारा माणूस पहिल्याच दिवशी घाबरतो. गट मोठा करायचा असेल तर हे टाळाच.

तोल सांभाळायला मला सगळ्यात आवडणारी युक्ती बोलीची आहे. ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा शीतयुद्धावरचा २००५ चा खेळ. त्यात सोव्हिएत बाजू जरा वरचढ पडते असं अनुभवी खेळाडूंचं मत झालं. त्यांनी नियम बदला म्हणून धरणं धरलं नाही. डावाआधी बोली सुरू केली: मला सोव्हिएत बाजू हवी, तर मी अमेरिकेला सुरुवातीचे प्रभावाचे गुण इतके जास्त देतो. स्पर्धांत दोन गुणांची सूट जवळजवळ ठरून गेली. तुमच्याकडे हे सहज लागू होईल. ज्याला नव्या नियमांतली भारी पलटण घ्यायची आहे त्याने समोरच्याला किती पॉइंट्सचं सैन्य जास्त देणार ते बोलावं. दुसऱ्याला पटलं तर घ्यावं, नाही तर पलटणी अदलाबदल कराव्यात आणि तीच सूट उलट द्यावी. ज्याने खोटी बोली केली तो स्वतःच फसतो, त्यामुळे आकडे लवकर प्रामाणिक होतात. आणि ते आकडे वहीत उतरवत गेलात तर काही महिन्यांनी तुमच्या हातात अशी गोष्ट असेल जी रागीट मेलमध्ये नसते: स्वतःचा फायदा पणाला लावून खेळाडूंनी ठरवलेली त्या पलटणीची खरी किंमत.

तुम्ही केलेली सुधारित नियमांची यादी वाया गेली असं मात्र समजू नका. आपल्याकडे पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. कॉपीराइट मिळतो तो नियमांच्या लिहिलेल्या मजकुराला, चित्रांना, काल्पनिक दुनियेला. फासे टाकून नेम ठरवायचा, पॉइंट्सनी सैन्य निवडायचं, या कल्पनांवर कुणाची मालकी नाही. म्हणून ती यादी कंपनीकडे न पाठवता तुमच्या शब्दांत, त्यांचा एकही परिच्छेद न उचलता, त्यांची नावं आणि चित्रं न वापरता स्वतंत्र नियमावली म्हणून लिहून काढा. त्याच रंगवलेल्या पलटणी त्यावर खेळतील. बऱ्याच रचनाकारांची सुरुवात अशीच, दुसऱ्याच्या खेळावर वैतागून झालेली असते. लिहून झाली की डिचोली किंवा मडगावच्या अशा गटाला द्या ज्याने तुम्हाला कधी खेळताना पाहिलेलं नाही, आणि ते खेळत असताना तिथे जाऊ नका.

कंपनीला पुढचा मेल पाठवाल तेव्हा एका पानात एकच मुद्दा. आडोसा भरलेल्या टेबलावरचे डाव, दोन्ही बाजूंच्या याद्या, डाव कुठे फिरला ते, आणि बोलीचे आकडे. नवा नियम सुचवू नका. टेबलाचा फोटो जोडा, वरून घेतलेला, पहिली फेरी सुरू होण्याआधीचा.